रिंगणातली जागा
अंबड तालुक्यातून पाहिलेली अंगणवाडीची पन्नास वर्षे

२ ऑक्टोबर २०२५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास द्यायचा तर संस्थापकांचे छायाचित्र, स्थापनेची तारीख, पहिल्या इमारतीची कोनशिला आणि देणगीदारांची नावे असा क्रम ठरलेला असतो. अंगणवाडीच्या बाबतीत यातले काहीच हाताला लागत नाही. आमच्या अंबड तालुक्यात ती कुठे मारुतीच्या देवळात भरली, कुठे समाजमंदिरात, कुठे ग्रामपंचायतीच्या पडवीत, तर कुठे सेविकेच्या स्वतःच्या ओसरीत. मत्स्योदरी देवीच्या टेकडीखालच्या गल्ल्यांपासून वडीगोद्री, सुखापुरी, रोहिलागड ते गोदाकाठच्या शहागड-गोंदीपर्यंत तिचे भांडवल सारखेच होते: पत्र्याची एक पेटी, एक वजनकाटा, दोन-चार सतरंज्या आणि एक बाई.

पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरीची बरीच वर्षे याच भागात गेली. आहार, लसीकरण, बांधकाम यांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते ज्या मुलांची नोंद आमच्या रजिस्टरात सर्वांत उशिरा झाली त्यांच्याविषयी. उशिरा मान धरणारी, उशिरा चालणारी, न बोलणारी, हाक मारली तरी वळून न बघणारी, गलका झाला की कान झाकून घेणारी मुले. त्यांच्या आजाराबद्दल डॉक्टर सांगतील. मला त्यांच्या मनाबद्दल सांगायचे आहे.

अंगणवाडीचे मूळ शोधायचे तर समुद्राकाठच्या बोर्डीला जावे लागते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण वस्तीवरची मुले येईनात. घालायला धड कपडे नाहीत, घरी धाकटे भावंड सांभाळायचे, आणि गावातल्या मुलांबरोबर बसायचे म्हणजे मनात धास्ती. तेव्हा या दोघींनी मुलांची वाट बघणे सोडले आणि वस्तीत जाऊन अंगणातच बालवाडी मांडली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जे मूल येऊ शकत नाही त्याच्याकडे आपण जायचे, हा विचार अंगणवाडीच्या नावातच आहे. पुढच्या पन्नास वर्षांत आम्ही जिथे चुकलो ते हा विचार विसरल्यामुळे, आणि जिथे सावरलो ते तो आठवल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७५ मध्ये देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी हा अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालेय पूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. दुष्काळी कामांवर वाटली गेलेली सुकडी लोकांच्या जिभेवर होती. त्यामुळे आमच्याकडे अंगणवाडी आली ती 'सुकडीची शाळा' म्हणूनच ओळखली गेली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, कार्यालये जवळ आली, तरी लोकांच्या मनातले नाव काही बदलले नाही. सहापैकी पाच सेवा शरीराच्या होत्या. सहावी, शालेय पूर्व शिक्षण, ही चार गाणी आणि दोन गोष्टींवर भागायची.

मग वजनकाट्याचे युग आले. हा शब्द मी आदरानेच वापरते. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. प्रत्येक मुलाचे वजन झालेच पाहिजे, खरेच लिहिले पाहिजे, आणि कमी निघाले म्हणून सेविकेला रागावायचे नाही, हा आग्रह आमच्या विभागातूनच राज्यभर गेला. पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळाली पाहिजे असा आदेश दिला. वाड्या-तांड्यांपर्यंत काटा पोचला. पिशवीत बसवलेले, पाय हलवणारे लेकरू आणि काट्याकडे बघणाऱ्या चार बायका हे चित्र त्या काळात गावोगाव दिसे. त्या काट्याने किती मुले वाचवली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण काट्याला एक गोष्ट दिसत नव्हती. ज्याचे वजन बरोबर आहे, त्याच्याकडे मग कोणी बघायचेच नाही.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण संस्थेच्या इतिहासात चुकाही याव्यात. ही चूक माझी आहे. भेटीला गेले होते त्या गावात तीन वर्षांचा एक मुलगा होता. तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात, अंगाने गुटगुटीत, गोरागोमटा. आई म्हणाली, "बाई, ह्यो अजून आईसुद्धा म्हणत नाही." आजी लगेच म्हणाली, "ह्याचा बाप बी पाच वर्साचा झाल्यावर बोलला. कामून घाबरती?" मी रजिस्टर बघितले, वजन बघितले आणि म्हणाले, "बोलेल. वाट पाहा." पुढच्या भेटींत सेविकेची तक्रार वेगळीच होती. तो चावतो, ढकलतो, दुसऱ्याच्या हातातले ओढतो. गावात त्याला 'मारकुटा' म्हणू लागले. मुलांच्या आया त्याच्याशेजारी आपले मूल बसवेनात. तो पहिलीत गेला तेव्हा श्रवण तपासणी झाली आणि कळले की त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्याला मागता येत नाही तो ओढून घेणार, ज्याला 'थांब' ऐकू येत नाही तो ढकलणार. त्याच्या वागण्यातून तो आम्हाला रोज सांगत होता, आणि आम्ही त्याला द्वाड ठरवले. कानाला यंत्र बसले, पण भाषा बसायची जी वर्षे असतात त्यांतली दोन गेली होती. त्याहून मला लागते ते हे, की त्या दोन वर्षांत त्याने 'आपल्याला कोणी जवळ घेत नाही' हे मात्र पक्के शिकून घेतले होते.

अशी मुले थोडी असतात, हा आमचा समज होता. उत्तर गोव्यासह देशातल्या ५ ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी करून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी, श्रवण, फेपरे, वाचा, बुद्धी, स्वमग्नता, अध्ययन अशा सगळ्या अडचणी धरून सुमारे १२ टक्के मुलांत मेंदूविकासाची काही ना काही अडचण आढळली. म्हणजे आठ मुलांमागे एक. तीस मुलांच्या अंगणवाडीत तीन-चार मुले. ती पूर्वीही होतीच. काही पटावर होती आणि कोपऱ्यात बसत होती, काही पटावरच नव्हती.

कायदे आणि योजना हळूहळू आल्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ झाले. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात यांना आपापली नावे मिळाली. त्याआधी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली होती. बोर्डी आणि कोसबाड त्याच मुलखात आहेत, हा योगायोग मला मोलाचा वाटतो. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी शोधायला डॉक्टरांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊ लागले. संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायची सोय ठरली. हे काम मोठेच. पण गोदाकाठच्या गावाहून जालना गाठायचे म्हणजे आईबापांचा दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीत बारा हातांवरून मूल न्यावे लागते, आणि लोक वळून वळून बघतात. पहिल्या खेपेला गेलेली आई दुसऱ्या खेपेला जाईलच असे नाही. शिवाय उपचार महिन्यातून एकदा, आणि मूल जगते ते रोज. उरलेले दिवस त्याने कुठे काढायचे?

याच प्रश्नाजवळ अंगणवाडीचे खरे काम सुरू होते.

प्रशिक्षणाच्या पुस्तकांत 'सामाजिक-भावनिक विकास' हा शब्द आला तेव्हा सेविकांना तो जड गेला. बैठकीत एका जुन्या सेविकेने त्याचे मराठी केले ते असे: "लेकराला आपलं माणूस कळणं, आपलं रुसणं कळणं, आन दुसऱ्याचं रडणं कळणं." याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. हे कळणे आपोआप येत नाही. बाळ बघते, आई बोलते, बाळ हुंकारते, आई हसते, अशी देवघेव दिवसातून शेकडो वेळा होते आणि त्यातून ते येते. ज्या बाळाचा विकास मागे आहे त्याच्याकडून येणारी खूण मुळात क्षीण असते, किंवा वेगळीच असते. मेंदूच्या पक्षाघाताचे बाळ उचलले की अंग ताठ करते, आईला वाटते याला माझ्याकडे यायचे नाही. दृष्टी नसलेले बाळ आईची चाहूल लागली की एकदम गप्प होते, कारण ते ऐकत असते. आईला वाटते याला माझे काहीच नाही. स्वमग्न मूल तोंडाकडे न बघता हाताकडे बघते. मतिमंद म्हटलेले मूल हसते, पण चार क्षण उशिरा, आणि तोवर माणूस तिथून उठून गेलेले असते. आई बोलून बोलून दमते, मग कमी बोलते. घरातले उचलून घ्यायचे थांबतात. देवाने दिलेल्या एका उणिवेवर माणसांनी घातलेली दुसरी उणीव अशी बसते. पहिलीवर आपला इलाज मर्यादित आहे. दुसरी मात्र आपल्याच हातची आहे.

ही दुसरी उणीव भरून निघताना मी एका वाडीवरच्या अंगणवाडीत जवळून पाहिली. चार वर्षांचा एक मुलगा मोठ्या बहिणीचा हात धरून यायचा आणि उंबऱ्यावरच थांबायचा. एक हात चौकटीला, नजर खाली. आत ओढले की किंचाळायचा. सेविकेने ओढणे सोडून दिले. रोज सकाळी ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसायची, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल इतकी खाली, त्याचे नाव घेऊन 'आलास का' म्हणायची आणि आत निघून जायची. पंधरा-वीस दिवस एवढेच. मग एके दिवशी खिचडीच्या वेळी तिने स्टीलच्या ताटल्यांची चवड त्याच्यासमोर उंबऱ्यावर ठेवली. त्याने त्या वाजवून बघितल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, आणि एक ताटली त्याच्या हातात देऊन जवळ बसलेल्या मुलीकडे बोट दाखवले. ताटली त्या मुलीपर्यंत पोचायला आठवडा लागला. आधी त्याने सगळ्या एकाच जागी आपटल्या. नंतर सगळ्या बहिणीपुढे मांडल्या. सेविका दर वेळी चवड उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवायची, तोंडाने नुसते 'हिला एक, ह्याला एक' म्हणत. पुढे तो रिंगणभर ताटल्या वाटू लागला आणि मुले त्याला नावाने हाका मारू लागली, कारण ताटली त्याच्याकडून घ्यायची होती. लोकांनी ठेवलेले 'मुका' हे त्याचे नाव तिथे कोणी मोडून काढले नाही, ते आपोआप गळून पडले.

काही महिन्यांनी मी परत गेले तेव्हा एक नवी मुलगी रडत होती. तो उठला, तिच्यासमोर आपली स्वतःची भरलेली ताटली ठेवली आणि तिच्याकडे न बघता शेजारी बसला. बोलणे त्याला तेव्हाही येत नव्हते. पण त्या जुन्या सेविकेने सांगितलेली तिसरी गोष्ट, दुसऱ्याचे रडणे कळणे, त्याला आली होती. माझ्या तपासणीच्या नमुन्यात हे लिहायला रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिले.

अशा रीती आमच्या सेविकांनी एकमेकींकडून घेतल्या. रोजचा क्रम मोडायचा नाही, आधी गाणे, मग हात धुणे, मग खाऊ, म्हणजे पुढे काय हे न बोलणाऱ्या मुलालाही कळते. घाबरणाऱ्या मुलाला एकच जोडीदार द्यायचा, रोज तोच. रागावलेल्या मुलाला 'गप बस' न म्हणता 'राग आला ना तुला? तिनं भावली घेतली' असे त्याच्या रागाला नाव द्यायचे. गलका सोसत नाही त्याला पेटीमागची जागा मोकळी ठेवायची, शिक्षा म्हणून नव्हे, विसाव्यासाठी. आणि कीव करायची नाही. 'बिचारं' हा शब्द मुलांच्या कानांवर पडला की ती त्या मुलाला खेळात घेत नाहीत, बाहुलीसारखे सांभाळतात. त्याला फुगडीतून, लपाछपीतून वगळतात. त्याच्यावर राज्य आले पाहिजे. राज्य येणे हाही मान आहे.

बाहेरच्या जगात याच सुमारास जे चालले होते ते आम्हाला पुढे कळले. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये मुंबईत 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. विकासात मागे असलेल्या मुलांबरोबरच त्यांच्या घरच्यांना आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तयार करणे हे त्या केंद्राचे मोठे काम. तुर्कस्तानातील बालरोगतज्ज्ञ इल्गी एर्तेम यांनी मुलांचा विकास पाहण्याची एक पद्धत बसवली. तिच्या चार देशांतल्या अभ्यासात भारताकडून हे केंद्र होते. त्या पद्धतीत मुलाला ठोकळे देऊन परीक्षा घेत नाहीत. आईशी बोलतात. तुमचे मूल काय हवे ते कसे सांगते? घरातल्या माणसांशी कसे वागते? कसे खेळते? तुम्हाला कसली काळजी वाटते का? ज्याला ऐकू येत नव्हते त्या मुलाची आई मला आठवली. तिने न विचारता काळजी सांगितली होती आणि माझ्या हातात वजनाचे रजिस्टर होते. आमच्या शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात आणि यवतमाळमध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफबरोबर 'आरंभ' हा कार्यक्रम केला. त्यातल्या पालक मेळाव्यांत बाप मांडी घालून मुलांशी खेळायला बसले. मराठवाड्यात बाप चारचौघांत लेकराला खेळवतो, ही गोष्ट ज्यांना साधी वाटते त्यांनी आमच्या गावांत चार दिवस राहून बघावे.

आता आमच्या भागाची स्वतःची अडचण, जी मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये संसार, वर मुले. पाच-सहा महिने फडावर, कोपीत. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली, पण सहा वर्षांच्या आतले मूल आईबरोबर जाते, नाहीतर आजीजवळ राहते. विकासात मागे असलेल्या मुलासाठी हे दोन्ही कठीण. बरोबर गेले तर पहाटे फडात उसाच्या पाचटावर बसून राहायचे, माणसे ओळखीची नाहीत, जागा दर महिन्याला नवी. मागे राहिले तर आई कुठे गेली हे त्याला कोणी समजावून सांगू शकत नाही, आणि आजीला वाटते त्याला काय कळतेय. त्याला कळते. त्या काळात अशी मुले खायची बंद होतात, शिकलेले विसरतात, पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. लोक म्हणतात 'बिघडलं'. ते आई शोधत असते.

एका सेविकेने यावर जे केले ते कुठल्याही आदेशात नव्हते. जाणाऱ्या आईला तिने आपली ओढणी मागे ठेवायला सांगितली, न धुतलेली. आजीजवळ राहिलेल्या तिच्या मुलीला रोज अंगणवाडीत आणले, ओढणी खांद्यावर असू दिली, आणि आठवड्यातून एकदा फोनवर आईचा आवाज ऐकवला. मुलीला डाउन सिंड्रोम होता, चालायला उशिरा शिकली होती. चैत्रात आई परतली तेव्हा मुलगी आधी तिच्याकडे गेलीच नाही, सेविकेच्या मागे लपली. आई रडायला लागली. सेविका म्हणाली, "रुसलीय. म्हंजे वळखलंय." अर्ध्या तासाने ती मुलगी आईच्या मांडीवर होती, ओढणी मात्र तिने हातातून सोडली नव्हती.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. विलंबाची लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला आणि घरच्यांना गावाच्या कार्यक्रमांत सामील करून घेणे, आणि आशाताई व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे, असे तिचे तीन टप्पे. पुढच्या मार्चमध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हे अभ्यासक्रम आले. दिव्यांग मूल अंगणवाडीचेच मूल आहे असे देशपातळीवर इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण कार्यपद्धती जाहीर झाल्यावर आठवडाभरातच, डिसेंबर २०२३ मध्ये, राज्यभरच्या सेविका मानधन आणि हक्कांसाठी संपावर गेल्या आणि कित्येक आठवडे अंगणवाड्यांना कुलपे होती. या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवते. जिने उंबऱ्यावर पंधरा-वीस दिवस उकिडवे बसायचे, जिच्या धीरावर ही सगळी कार्यपद्धती उभी आहे, ती सकाळी आहार शिजवून घेते, दुपारी मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरते, संध्याकाळी गृहभेटी करते, आणि सरकारच्या दप्तरी तिचे काम 'मानसेवी' आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा त्यांच्या कामाला पहिल्यांदा काम म्हटल्यासारखे वाटले. एका मुलाच्या मनाला वेळ द्यायचा तर तो वेळ कोणाच्या तरी दिवसातून काढून द्यावा लागतो. दोन रजिस्टरे कमी करा, एक मदतनीस वाढवा, मग बघा काय होते. पन्नास वर्षांच्या अनुभवातून मागायचे असेल तर मी हेच मागेन.

या मुलांच्या आयांबद्दलही लिहिले पाहिजे. गृहभेटीत मला असे घर भेटले, जिथे पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत ठेवत. आई सांगत होती, "लोकं इचारत्यात, कोणाच्या घराण्यात होतं? मंग सासू माझ्याकडं बघती." ग्रहणात भाजी चिरली, दिवस असताना घाटात गेली, असे सगळे तिच्या माथी. अशी आई मुलाशी खेळणार कशी? तिच्याशी आधी कोणीतरी बोलले पाहिजे. त्या गावच्या सेविकेने हळदीकुंकवाला पहिले वाण त्या आईच्या हातात दिले आणि मुलाला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसली. भाषण केले नाही. त्या संक्रांतीनंतर आतल्या खोलीचे दार उघडे राहू लागले, हे मी स्वतः पाहिले आहे.

अंबड तालुक्यातल्या अंगणवाड्यांना आज बहुतेक ठिकाणी पक्क्या खोल्या आहेत, भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. सतरंजीवर मुलांचे रिंगण मात्र तेच आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आपल्या गल्लीत, वाडीवर, तांड्यावर, नात्यात असे एखादे लेकरू असेल, बोलत नसेल, चालत नसेल, माणसांत येत नसेल, तर 'मोठं झाल्यावर होईल' म्हणू नका. त्याच्या आईला बरोबर घेऊन उद्या सकाळी अंगणवाडीत जा. तपासणीसाठी जालन्याला कधी पाठवायचे ते नंतर ठरेल, तपासणी तर झालीच पाहिजे. पण रिंगणात बसायला प्रमाणपत्र लागत नाही. फक्त सेविकेला त्याचे नाव सांगा, घरात ज्या लाडाच्या नावाने हाक मारता ते.